बाळंतपणानंतरही जपायची एक नोंद

गरोदर बाईचा रक्तदाब वाढला की आपल्याकडे सगळे घर काळजीत पडते. लोणचे-पापड तिच्या ताटातून जातात, सासूबाई गोळीची आठवण करतात. मग बाळ सुखरूप जन्मते, सगळे ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणतात, चाळीस दिवस पार पडतात. गोळ्या बंद होतात आणि तो विषयही तिथेच संपतो.

मोठ्या मुलीच्या वेळी आठव्या महिन्यात माझा रक्तदाब १५०/१०० झाला, लघवीत प्रथिने सापडली. या आजाराला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. सहा आठवड्यांनी रक्तदाब पूर्ववत झाला, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता दरवर्षी रक्तदाब तपासत जा. आणि पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी हे आठवणीने सांगा.” घरी आल्यावर अम्मीने विचारले, “बाळ झालं, मग आता कशाची काळजी?”

अम्मीचा प्रश्न स्वाभाविक होता. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाणे, सोबत लघवीतून प्रथिने जाणे किंवा यकृत, मूत्रपिंडावर ताण येणे, असा हा आजार. त्याचे मूळ वारेशी जोडलेले आहे, त्यामुळे प्रसूतीनंतर तो ओसरतो. मात्र या आजारात रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही इजा होते आणि तिचा परिणाम मागे राहू शकतो. काही जणींच्या शरीरात रक्तदाबाची प्रवृत्ती आधीपासून असते. गरोदरपणाच्या ताणाने ती फक्त लवकर दिसते.

म्हणूनच प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांना पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो. कायमचा उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता तर त्याहूनही जास्त. ३४ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागली, किंवा हा त्रास एकाहून अधिक गरोदरपणांत झाला, तर धोका आणखी वाढतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ साली स्त्रियांच्या हृदयविकाराच्या जोखमींमध्ये याचा समावेश केला.

दुप्पट म्हणजे होणारच, असे नाही. तरुण वयात मुळातला धोका कमीच असतो. उलट आपल्याला वीस-तीस वर्षे आधी सूचना मिळालेली असते. ती वाया जाऊ द्यायची की नाही, एवढेच आपल्या हाती.

माझी खाला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेली. दोन दिवस छातीत जळजळते म्हणत होती, घरच्यांनी पित्त समजून सोडा दिला. गरोदरपणात तिचे पाय आणि चेहरा सुजायचा, एवढे अम्मीला आठवते. रक्तदाब किती होता, कोणालाच माहीत नाही. त्याचा तिच्या मृत्यूशी संबंध होता का, हे आता कळणार नाही, कारण तिच्या बाळंतपणांचा एकही कागद घरात नाही.

सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड आपण लसीकरणासाठी जपतो. त्याच कार्डावर आईचा रक्तदाबही लिहिलेला असतो. लसी संपल्या तरी ते फेकू नका. उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ३० वर्षांपुढच्या सर्वांचा रक्तदाब मोफत तपासतात. पण बाविसाव्या वर्षी हा त्रास झालेल्या मुलीने तिशीची वाट पाहू नये. वर्षातून एकदा रक्तदाब, आणि साखर व कोलेस्टेरॉल किती दिवसांनी तपासायचे ते डॉक्टरांना विचारावे. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत जुना त्रास सांगावा. बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यायची का, हे डॉक्टर ठरवतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर रमजानच्या आधीच सहेरी-इफ्तारच्या वेळा सांगून सल्ला घ्यावा, मनाने गोळी सोडू नये.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही रक्तदाब अचानक चढू शकतो. डोके खूप दुखणे, नजर धूसर होणे, धाप लागणे, बरगड्यांखाली दुखणे, यांपैकी काही झाले तर चाळीस दिवस पुरे व्हायची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आमच्या घरातल्या बायकांना सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ असतात. स्वतःच्या रक्तदाबाचा आकडाही तसाच पाठ असावा.