मामांची टाकी

पदार्थविज्ञानाची सूत्रं प्राध्यापकांनी शिकवली. पाण्यात थर असतात हे दाखवलं प्रयोगशाळेतल्या मामांनी. तेव्हाच्या औरंगाबादेत, आमच्या कॉलेजात, प्रयोगाची मांडणी त्यांच्याकडे असे.

काचेच्या लांबट टाकीत ते आधी परमँगनेटने जांभळं केलेलं मिठाचं पाणी भरत. त्यावर थर्माकोलचा तुकडा तरंगत ठेवून रबरी नळीने हळूहळू गोडं पाणी सोडत. जायकवाडीहून आलेलं हे नळाचं पाणी आदल्या दिवशीच ड्रममध्ये भरलेलं असे. बुडबुडे निघून जावेत, तापमान खोलीशी जुळावं म्हणून. "पाण्याला कळू देऊ नको रे, तू ओततोयस," असं ते म्हणायचे.

मग टाकीचं एक टोक किंचित उचलून खाली ठेवायचे. पृष्ठभाग जेमतेम हलायचा. आत मात्र जांभळी लाट उंच उठून सावकाश पुढे सरकायची. दोन्ही पाण्यांच्या घनतेत शेकडा दोन-तीनचाच फरक. उचललं गेलेलं पाणी परत खाली खेचणारं बळ त्यामुळे फार थोडं, म्हणून लाट इतकी संथ.

१८९३ मध्ये सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ ध्रुवसंशोधक नान्सेन यांचं 'फ्राम' जहाज याच लाटांनी रखडलं होतं. खाऱ्या समुद्रावर वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचा पातळ थर होता. जहाजाची शक्ती दोन थरांमध्ये लाटा उठवण्यातच खर्च होत होती. समुद्रशास्त्रज्ञ एकमन यांनी टाकीतल्या प्रयोगांनी हे उलगडलं, १९०४ मध्ये. ते वाचताना मला कल्पना ताणावी लागली नाही. मी ती लाट पाहिलेली होती.

त्याच बळावर मी बंगालच्या उपसागराच्या अभ्यासाकडे वळलो. तिथे पावसाचं आणि गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर पसरतं. खालचं खारं पाणी त्यात मिसळायचं तर ते जड पाणी वर उचलावं लागतं. थरांमधल्या अशा लाटा, म्हणजे अंतर्गत लाटा, फुटून खळबळ माजते तेव्हा त्यासाठी ऊर्जा मिळते. पण तिचा बराचसा भाग उष्णता होऊन विरतो, थोडाच उचलण्याच्या कामी येतो. समुद्राचा वरचा थर किती तापलेला राहील, हे या मिसळण्यावरही ठरतं, आणि चक्रीवादळांना बळ त्याच उष्णतेतून मिळतं.

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात पहिलं नाव मामांचं आहे. आता मी शिकवतो तिथे प्रत्येक प्रयोगवहीत मांडणी करणाऱ्याचंही नाव लिहिलं जातं. थर नीट बसला तरच लाट दिसते; तो बसवणारा माणूस विद्यार्थ्यांना नावानिशी माहीत असायलाच हवा.