गोफरचा फेटा

आमचा गो भाषेचा ग्रुप म्हणजे अकरा जण. महिन्यातून एकदा कसबा बावड्यात कुणाच्या तरी टेरेसवर जमतो. लोगो माझ्या गळ्यात पडला, कारण कॉलेजच्या गॅदरिंगचं पोस्टर मी केलं होतं. एवढीच पात्रता.

गोचा गोफर तुम्ही पाहिला असेल. टपोऱ्या डोळ्यांचा, पुढचे दात दिसणारा निळा प्राणी. रेने फ्रेंच यांनी काढलेला, 2009 मध्ये भाषा जाहीर झाली तेव्हापासून तिच्यासोबत असलेला. त्याला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना आहे, म्हणजे मूळ चित्रकर्तीचं नाव देऊन आपण त्यात बदल करू शकतो. म्हणून जगभरचे ग्रुप त्याला आपापले कपडे घालतात. मीही घातले. फेटा, पिळदार मिशी, पायात कोल्हापुरी, हातात तांबड्या रश्श्याची वाटी. रात्री दोनपर्यंत रश्श्याचा तवंग रंगवत बसलो होतो.

ग्रुपवर टाकल्यावर आगीचे इमोजी आले. मग आमच्यातल्या दोन मुलींपैकी एकीनं लिहिलं, "भारी झालाय. पण ह्यात मी कुठाय?"

"कार्टून आहे गं ते," असं टाईप केलं आणि खोडलं. राग आला होता, पण उत्तर सुचत नव्हतं. सलूनच्या पाटीपासून क्रिकेटच्या टीमपर्यंत सगळ्याला आपण फेटा-मिशी चढवतो आणि त्यालाच कोल्हापूर म्हणतो. निम्मं गाव त्यात नसतंच. त्यात टी-शर्टवाल्यानं सांगितलं, प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, वेगळे पैसे. ब्राउझरच्या टॅबवर, 16 बाय 16 पिक्सेलमध्ये, माझ्या गोफरचा नुसता तांबडा डाग झाला होता.

दोन दिवसांनी राजाराम बंधाऱ्यावर गेलो होतो. उन्हाळा होता, बरगे घातलेले, पाणी तुंबलेलं. वर आडवा रस्ता, खाली ओळीनं दगडी खांब. फोनवर बोटानं 'गो' लिहून बघितलं. शिरोरेषा आणि दोन काने. बंधाराच की!

गोमध्ये चॅनेल नावाची गोष्ट असते. एक काम त्यात माहिती सोडतं, दुसरं उचलून घेतं. चॅनेल भरलं की सोडणारा थांबतो. बरगे घालणं-काढणं यापेक्षा फार वेगळं नाही. (हे मला नंतर सुचलं. आधी सुचलं असतं तर जास्त हुशार वाटलो असतो.)

गोफर गेला, रश्शाही गेला. एक आडवी रेघ, दोन उभ्या, 'ग'चा आकडा आणि वर मात्रा. रंग एकच. तिनं उत्तर दिलं, "चालतंय की."

टी-शर्ट घालून घरी आलो तर पप्पांनी चष्मा लावून छातीवरचं चित्र नीट बघितलं. बावड्यात पावसाळ्यात सगळे या बंधाऱ्याचे आकडे पाठ म्हणतात: 39 फुटांना इशारा, 43 ला धोका.

"बंधारा हाय व्हय? मग पाणी किती फुटावर हाय?"

पाणी काढायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.