सुगंधी मर्दन

नरक चतुर्दशीच्या पहाटे, अजून अंधार असताना, पाटावर कुडकुडत बसलेल्या मुलाच्या पाठीला आई कोमट सुवासिक तेल चोळते. मूल अर्धवट झोपेत असते. पुढे ते कितीही मोठे झाले, घरापासून कितीही दूर गेले, तरी तो वास आला की त्याला ती पहाट आठवते. त्या तेलाने अमुक रोग बरा होईल, असे मात्र कोणी म्हणत नाही.

आज शहरांत ‘अरोमाथेरपी’ या नावाने जे सुगंधी मर्दन केले जाते, त्याच्या काही पाट्यांवर अर्धशिशीपासून मधुमेहापर्यंत अनेक व्याधींची नावे आढळतात. हा शब्द रूढ केला रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने. १९१० साली प्रयोगशाळेतील स्फोटात त्याचे हात भाजले. वेदनेने व्याकूळ होऊन त्याने शेजारच्या लॅव्हेंडर तेलाच्या भांड्यात हात बुडवला आणि चमत्कार झाला, अशी कथा सांगतात. त्याने स्वतः लिहिले ते निराळेच आहे: जखमा चिघळल्यावर त्याने तो अर्क जाणूनबुजून वापरला होता. चमत्कार सांगायला सोपा, म्हणून कथाच अधिक पसरली. त्याचे पुस्तक १९३७ मध्ये निघाले. असे अर्क साध्या तेलात मिसळून मर्दन करण्याची पद्धत पुढे मार्गरीट मोरी यांनी रुजवली.

एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. अर्क इतका तीव्र असल्यामुळे तो नुसता अंगाला लावत नाहीत. ३० मिलिलिटर तिळाच्या तेलात दहा-बारा थेंब पुरतात. जाणकार व्यक्ती आधी विचारपूस करते: दमा आहे का, दिवस गेले आहेत का, कोणती औषधे चालू आहेत? हाताच्या आतल्या बाजूला थोडे मिश्रण लावून त्वचा लाल होते का, हेही पाहते. बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचा अर्क लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजू शकते. जो काहीच विचारत नाही, त्याच्या हाती पाठ न दिलेली बरी.

दिवसभर यंत्रावर वाकून शिवणकाम करणारी एखादी स्त्री पैसे साठवून अशा ठिकाणी येते. मंद प्रकाशात ती पालथी निजते. आरंभी संकोचाने तिचे खांदे ताठच राहतात. हळूहळू तळव्यांची ऊब आणि तेलाचा गंध एकत्र येतात, श्वास संथ होतो. गंधाची वार्ता मेंदूतील भावना व स्मृती यांच्या केंद्रांकडे फार जवळच्या वाटेने जाते. चिंता काहीशी कमी होणे, झोप बरी लागणे, असे अनुभव काही अभ्यासांतही नोंदले गेले आहेत. त्यांतले श्रेय गंधाचे किती आणि हातांचे किती, हे सांगणे कठीण. औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. सुगंध लपवायचा कसा?

मधुमेह मात्र याने जात नाही. गोळ्या बंद करून केवळ तेलावर विसंबणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती पाटी लावणाऱ्याला कधीच द्यावी लागत नाही.

ती स्त्री तासाभराने उठते. पाणी पिते. उद्याही यंत्रावर वाकायचेच आहे. घरी पोहोचल्यावर ती जेवते, डॉक्टरांनी दिलेली रात्रीची गोळी घेते आणि अंथरुणावर पडते. उशीला गवती चहाचा पुसट वास येत असतो.