शाहूपुरीहून मसाईच्या पठारावर

गूळ घेऊन कोल्हापूरला जाणाऱ्या घरांना शाहूपुरी कुठे आहे हे सांगावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली ही पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. त्याआधी चार वर्षे, 1891 साली, मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली होती. पेठ स्टेशनाला लागून, म्हणजे बैलगाडीतून उतरलेला गुळाचा रवा लगेच वॅगनीत चढायचा. आता गुळाचे सौदे मार्केट यार्डात निघतात. शाहूपुरीत उरली ती दुकाने, लॉज, कुंभार गल्लीतल्या गणेशमूर्ती आणि दिवसभराची गर्दी. पण पहाटे पाचला हीच शाहूपुरी अशी मोकळी असते, की सायकलवाल्याने खुशाल शीळ घालीत जावे.

माझा भाचा तिथे राहतो. त्याच्याकडे दोन नव्या तऱ्हेच्या सायकली आहेत. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखे खाली वळलेले, गिअर भरपूर, आणि टायर शर्यतीच्या सायकलीपेक्षा जाड, चांगले 40 मिलिमीटरचे. त्यात हवाही थोडी कमीच ठेवायची, म्हणजे खडीवर चाक उडत नाही. हिला म्हणतात ग्रॅव्हल बाईक, खडीची सायकल. किंमत विचाराल तर एका दुभत्या म्हशीएवढी. दूध मात्र देत नाही!

"मामा, डांबरावर कोणीही जाईल, आपण मुरमावर जायचं," भाचा म्हणाला. आम्ही भाद्रपद सरता सरता निघालो.

हा छंद अमेरिकेत वाढला. तिथल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचे गाव आहे. त्याच्या आसपासच्या टेकड्यांतून 2006 सालापासून खडीच्या रस्त्यावरची मोठी शर्यत भरते, सुमारे 320 किलोमीटरची. त्या टेकड्या चुनखडीच्या दगडाच्या आहेत आणि त्यात गारगोटीचे थर आहेत. नांगर चालेना म्हणून तिथले गवत तसेच राहिले, आणि लोकांनी त्यावर गुरे चारली. आपल्या कोल्हापूरकडे चुनखडीचे डोंगर नाहीत. चुनखडी भेटते ती काळ्या रानात खड्यांच्या रूपाने, आणि तिच्यापायी उसाला केवडा पडतो, हे आपण जाणतोच. आपला डोंगर काळ्या कातळाचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर साचून तो झाला, आणि माथ्यावर तांबडा जांभा. पण नांगर न चालणाऱ्या माथ्याची गोष्ट दोन्हीकडे एकच.

दसरा चौकातून पंचगंगेच्या पुलावर आलो तेव्हा नुकते उजाडत होते. नदी पात्रात शांत होती. 2019 आणि 2021 साली हीच नदी पलीकडच्या आंबेवाडी-चिखलीत घराघरांत शिरली होती. पूल ओलांडला की दोन्ही बाजूंनी ऊस. आम्ही जमेल तिथे हमरस्ता सोडून शिवारातल्या गाडीवाटा धरल्या. वैरणीचा भारा सायकलीला लावून एक गडी समोरून आला. साधी काळी सायकल, टायर गुळगुळीत झालेले, आणि चिखलातून असा सफाईने गेला की भाचा वळून पाहतच राहिला. खडीवरची सायकल आपल्याकडे नवी नाही, एवढेच मी त्याला म्हणालो.

केर्लीच्या पुढे चढ सुरू होतो. वाघबीळ गेले की मग उतरून ढकलण्यात लाज मानू नये. शाहूपुरीपासून पन्हाळा वीसेक किलोमीटर, पण शेवटचे तुकडे घाम काढतात. 2021 च्या जुलैत पावसाने हा गडावरचा रस्ताच खचला होता आणि वर वाहन जाणे बंद पडले होते.

पन्हाळा शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातला, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीचा. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात पन्हाळा आहे. पाहुणे तीन दरवाजा पाहतात, सज्जा कोठीवर फोटो काढतात आणि भेळ खाऊन उतरतात. शेतकऱ्याने मात्र अंबरखान्यात वेळ काढावा. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारे. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात. नाचणी, वरी, भात हे आपल्याच डोंगराचे पीक. बाहेरून दगडी जिना छपरावर जातो, धान्य वरच्या भोकांतून आत सोडायचे. भिंती अशा जाड, की भर दुपारी आत गारवा. पेव आणि कणगी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. दगड सांधायला चुना लागे. तो चुनखडी भाजून, बैलाच्या घाणीत मळून तयार करीत. म्हणजे रानातल्या ज्या खड्यांवर आपण चरफडतो, तसल्यांनीच गड धरून ठेवले.

1660 च्या मार्चपासून सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला तो जुलैपर्यंत. वेढा धान्यावर आणि पाण्यावर सोसायचा असतो. 12 जुलैच्या रात्री शिवाजी महाराज पावसात गड उतरले. त्यांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसला तो शिवा काशीद, गडाखालच्या नेबापूरचा. महाराज पश्चिमेला मसाईच्या पठारावरून विशाळगडाकडे गेले, आणि पुढे घोडखिंडीत बाजीप्रभूंनी वाट रोखून धरली. आम्ही म्हाळुंग्याच्या बाजूने त्याच पठारावर चढलो.

वर गेल्यावर झाड म्हणून दिसत नाही. जांभ्याची सपाटी लांबवर पसरलेली. जांभा कसा होतो? लाखो वर्षे पाऊस कातळातले चुन्यासारखे विरघळणारे अंश धुऊन नेतो आणि लोह मागे राहते, म्हणून तो तांबडा. त्यावर माती बोट-दोन बोटे. त्या एवढ्याशा मातीत गेंद, तेरडा, सोनकी, आणि निळी सीतेची आसवे. हे शेवटचे रोपटे किडे खाऊन राहते, कारण मातीत कस नाही. कडेला मसाईदेवीचे देऊळ आहे. पठाराच्या पोटात पांडवदऱ्याची लेणी कोरलेली आहेत. नाव पांडवांचे असले तरी काम बौद्ध भिक्षूंचे मानतात.

पठार उतरताना कच्च्या वाटेवर एक म्हातारी भेटली. डोक्यावर गवत, मागे दोन म्हशी. सायकली पाहून थांबली.

"कुठनं आलायसा?"

"शाहूपुरीतनं, आज्जी."

"आनि मुद्दाम ह्या रस्त्यानं? अरं, आमी डांबर मागून थकलो. आजारी मानूस खाली न्यायचं तर डोली करावी लागती पावसात."

भाचा गप्प झाला. मला विचाराल तर म्हातारीचे म्हणणे खरे. सायकलवाल्याला खडी हवी म्हणून वस्तीने खडीवर राहायचे, हा न्याय नव्हे. वस्तीपर्यंत डांबर झालेच पाहिजे. सायकलवाल्यांना रानात वाटा पुष्कळ आहेत.

पठाराचा माथा ही निराळी बाब. 2022 साली मसाई पठार संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले, तरी गवतात जीप आणि मोटारसायकलींच्या चाकोऱ्या दिसल्या. बोटभर माती एकदा चाकाखाली फाटली की पाऊस तिला धुऊन नेतो, आणि तिथे पुन्हा फूलही नाही नि चाराही नाही. आम्ही मळलेली वाट सोडली नाही, आणि फुले जवळून पाहायची तिथे सायकली वाटेवर ठेवून पायी गेलो.

जायचे तर सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारीपर्यंत जावे. पाणी पन्हाळ्यावरच भरून घ्यावे, भाकरी बांधून न्यावी. जाड टायर असतील तर साधी सायकलही चालते, मात्र उताराला दोन्ही ब्रेक तपासून ठेवावेत. ओला जांभा फार निसरडा. संध्याकाळी सहाला आम्ही शाहूपुरीत परत होतो. सायकली तांबड्या झाल्या होत्या, आणि त्या धुवायला दोन बादल्या पाणी लागले.