आता तो दिसत नाही, हे बरं आहे

हिमबिबट्याच्या बाबतीत एक गोष्ट आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत उलटी झाली. पूर्वी तो डोंगरात कुणाला दिसत नसे आणि पिंजऱ्यात हमखास दिसे. आता लडाख-स्पितीतल्या हिमबिबट्यांचे व्हिडिओ घरबसल्या मोबाइलवर येऊन पडतात. प्राणिसंग्रहालयात मात्र तिकीट काढून अर्धा तास ताटकळावं, तेव्हा दगडाआडून शेपटीचं टोक दिसलं तर दिसलं. याची तक्रार करायची की यात समाधान मानायचं, यावर माझं मत हळूहळू बदलत गेलं आहे.

तो डोंगरात दिसत नसे म्हणजे किती, तर जॉर्ज शेलरसारख्या कसलेल्या प्राणिशास्त्रज्ञाला पाकिस्तानातल्या चित्रालमध्ये 1970 साली एका मादीचे फोटो मिळाले, तेव्हा ती जगभर बातमी झाली. पीटर मॅथिसन त्याच शेलरबरोबर नेपाळात डोल्पोपर्यंत चालत गेला, हिमबिबट्याचं नाव देऊन त्यानं 1978 साली अख्खं पुस्तक लिहिलं, पण प्राणी काही त्याला दिसला नाही. गळ्यात रेडिओ-पट्टा बांधून हिमबिबट्याचा माग काढायला रॉडनी जॅक्सननं नेपाळच्या लांगू खोऱ्यात सुरुवात केली ती 1982 साली. म्हणजे तोवर माणसाला या प्राण्याबद्दल जे काही नीट ठाऊक होतं, त्यातलं बरंचसं गजांच्या अलीकडे उभं राहूनच कळलेलं होतं.

मीही त्याला पहिल्यांदा पाहिलं ते दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयात, ऐंशीच्या दशकात, मे महिन्याच्या सुट्टीत. तेव्हा मुंबईहून दार्जिलिंग म्हणजे तालेवार प्रवास. गीतांजली एक्स्प्रेसनं हावडा, तिथून वळकट्यांसकट टॅक्सीत कोंबून सियालदा, मग रात्रीची दार्जिलिंग मेल, सकाळी न्यू जलपाईगुडी आणि पुढे डोंगर चढणारी जीप. वाटेत डब्यातल्या दशम्या संपून चिवडा सुरू झालेला असे. प्राणी म्हणजे राणीची बाग आणि पुण्याला आत्याकडे गेलं की पेशवे पार्क, एवढीच आमची ओळख. पेशवे पार्कात तर प्राण्यांपेक्षा फुलराणी या छोट्या आगगाडीचीच ओढ जास्त.

दार्जिलिंगचं प्रकरण वेगळं होतं. गावाच्या वरच्या अंगाला, ज्याला आता जवाहर पर्वत म्हणतात त्या बर्च हिलवर, सात हजार फुटांच्या आसपास 67.56 एकरांत हे उद्यान पसरलं आहे. 1958 साली ते सुरू झालं. पुढे 1975 साली बंगालच्या माजी राज्यपाल पद्मजा नायडू यांचं नाव त्याला मिळालं. त्याच आवारात हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट. वडिलांचा सगळा जीव तिकडे, कारण तेनसिंग. एव्हरेस्टचं संग्रहालय पाहायचं तर वाट प्राण्यांच्या पिंजऱ्यांवरूनच जाते, त्यामुळे दोन्ही एका तिकिटात झालं. सायबेरियन वाघांची सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हनं 1960 साली भेट दिलेली जोडी तोवर इतिहासजमा झाली होती, पण तिची गोष्ट सांगणारी माणसं होती. त्या काळात देशादेशांची मैत्री वाघ-हत्ती देऊन साजरी होई. आपण जपानला इंदिरा नावाची हत्तीण दिलेलीच होती.

आणि मग तो. धुक्यात, राखाडी-पांढरा, अंगावर धुरकट वलयं, आणि अंगाइतकीच लांब वाटणारी जाडजूड शेपटी तोंडावरून ओढून निजलेला. आमच्यात आणि त्याच्यात जाळी होती आणि जेमतेम दोन-तीन हातांचं अंतर. त्यानं एकदा डोळे उघडले. फिकट, हिरवट-करडे. वाघाचे पिवळे डोळे पाहायची सवय असलेल्या माणसाला ते डोळे चुकवल्याशिवाय राहवत नाही. वडिलांच्या आग्फा क्लिक थ्रीमध्ये बारा फोटोंचा रोल, त्यातला एक त्याच्यावर खर्च झाला. धुवून आल्यावर फोटोत जाळी तेवढी स्पष्ट होती.

आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही, पण त्याच उद्यानात हिमबिबट्यांची पैदास करण्याचा कार्यक्रम नुकताच, 1983 साली, हाती घेतला गेला होता. त्यासाठीचे प्राणी झुरिकहून, अमेरिकेतून आणि आपल्या लेह-लडाखातून आणलेले होते. हिमालयातला प्राणी स्वित्झर्लंडहून हिमालयात आणायचा, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागे मोठा इतिहास आहे.

युरोपात पहिला हिमबिबट्या अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात 1851 साली आला असं मानतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये 1903 साली. ही सुरुवातीची सगळी मंडळी डोंगरातून धरून आणलेली. फरशीचा कोंदट पिंजरा, सखल भागातली दमट हवा, शेजारच्या मांजरकुळातल्या प्राण्यांचे रोग आणि लशी नाहीतच. बरेचसे लवकर मरत. एक मेला की दुसरा मागवायचा. पुढे सोव्हिएत काळात किरगिझस्तानच्या त्येन शान डोंगरांत तर हिमबिबटे पकडण्याची सरकारी व्यवस्थाच उभी राहिली. पायाच्या सापळ्यात अडकलेल्या जनावराला दुबेळक्याच्या काठीनं दाबून धरत आणि पोत्यात घालून खाली आणत. असे शेकडो हिमबिबटे जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना गेले. आपल्या पिढीनं जिथे जिथे हिमबिबट्या पाहिला, त्याचा आजा-पणजा बहुधा त्या पोत्यातून आलेला होता.

त्यातलीच एक जोडी 1972 साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वुडलँड पार्कमध्ये पोचली. रशियाच्या शेवटच्या झार-झारीणीवरून त्यांची नावं ठेवली निकोलस आणि अलेक्झांड्रा. तिथे हेलन फ्रीमन नावाची एक बाई पाहुण्यांना माहिती सांगायला स्वयंसेवक म्हणून येत असे. ती या जोडीपाशी थांबली ती थांबलीच. वही घेऊन तासन् तास बसायची, कोण कधी उठतं, कोण कुणाच्या अंगाला अंग घासतं, नाकानं फुर्र असा आवाज कधी करतं, सगळं टिपायची. हिमबिबट्या डरकाळी फोडत नाही, खुशीत आला की असा फुरफुरतो. त्या नोंदींतून या प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास उभा राहिला आणि 1981 साली याच बाईनं स्नो लेपर्ड ट्रस्ट ही संस्था काढली. ही संस्था आज मंगोलियापासून हिमाचलपर्यंत काम करते. पिंजऱ्यातल्या दोन जनावरांनी त्यांच्या डोंगरातल्या भाऊबंदांसाठी इतकं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

त्याच सुमारास, 1976 पासून, हेलसिंकीच्या प्राणिसंग्रहालयानं जगातल्या सगळ्या बंदिस्त हिमबिबट्यांची वंशावळ ठेवायला घेतली. आई कोण, बाप कोण, आजी कुठून आली. आता कुठल्याही दोन हिमबिबट्यांची गाठ घालायची तर ही वही आधी उघडावी लागते, आणि सगोत्र निघालं तर स्थळ नाकारायचं, अगदी आपल्याकडच्या जुन्या मध्यस्थांसारखं. हे गमतीचं वाटलं तरी गरजेचं आहे. मोजक्या जनावरांपासून वाढलेल्या या कुळात पापणी अपुरी राहण्याचा एक जन्मजात डोळ्यांचा दोष वारंवार दिसतो. पण या काटेकोरपणाचा मोठा फायदा असा झाला की डोंगरातून नवीन जनावर धरून आणायची गरज उरली नाही. तेव्हाच्या आणि आताच्या काळातला सगळ्यात मोठा फरक मला विचाराल तर हाच. पिंजरे मोठे झाले, काच आली, फलक छापील झाले, हे सगळं त्यानंतरचं.

आता जरा कडू आठवण. दार्जिलिंगनंतर काही वर्षांनी सपाटीवरच्या एका प्राणिसंग्रहालयात, नाव नको, मी एक हिमबिबट्या भर उन्हाळ्यात पाहिला. कोपऱ्यात बर्फाची लादी ठेवलेली, ती अर्धी वितळलेली. तो पिंजऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होता. वळताना मान त्याच जागी त्याच पद्धतीनं वळवत होता. पुन्हा, पुन्हा. आम्ही चाळीस-पन्नास माणसं म्हणत होतो, काय रुबाब आहे! कुणीतरी शेंगदाणे फेकले. तो रुबाब नव्हता, तो कोंडमारा होता, हे कळायला आधी वाचावं लागलं. 2003 साली ऑक्सफर्डच्या रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या दोघींनी दाखवून दिलं की रानात ज्या मांसाहारी प्राण्याचा मुलूख जितका मोठा, तितका तो बंदिवासात अशा येरझारा जास्त घालतो. हिमबिबट्याचा मुलूख केवढा? मंगोलियात गळपट्टे लावून मोजला तेव्हा नराचा सरासरी 207 चौरस किलोमीटर निघाला आणि मादीचा 124. दार्जिलिंगचं अख्खं उद्यान घेतलं, तेनसिंगच्या संस्थेकडे जाणाऱ्या वाटेसकट, तरी अशी सातशेहून जास्त उद्यानं एका नराच्या मुलखात मावतील.

म्हणून आताची चांगली प्राणिसंग्रहालयं त्याला मुलूख देऊ शकत नाहीत, पण निदान उद्योग देतात. मांस एकाच ताटात न ठेवता दगडांच्या फटींत लपवतात. कधी मसाल्याचा, कधी दुसऱ्या जनावराचा वास सोडतात. उंच बसायला कडे करतात, कारण या प्राण्याला खालून वर पाहायचं नसतं, वरून खाली पाहायचं असतं. काही ठिकाणी तर त्याला आपणहून जाळीला कूस लावून उभं राहायला शिकवतात, म्हणजे टोचायला बेशुद्ध करावं लागत नाही. आणि लपायला जागा देतात. दार्जिलिंगनं तर पैदाशीचं केंद्र मुळात गर्दीपासून दूर टोपकेदाऱ्याला केलं आहे, तिथे पर्यटकांना प्रवेशच नाही.

अलीकडे पुन्हा दार्जिलिंगला जाणं झालं. बागडोगऱ्याला विमानानं, पुढे मोटारीनं, डबा नाही, वळकटी नाही. हिमबिबट्या दिसला तो ओझरता. बरोबरची तरुण मंडळी फोन उंचावून कंटाळली आणि लाल पांडांकडे गेली. मलाही, खरं सांगतो, चुटपुट लागली. ते दोन हातांवरचं अंतर, तो उग्र वास, ते डोळे, हे आता कुणाला मिळणार नाही. लहानपणी जे सुख मिळालं त्याची आठवण काढताना ते कुणाच्या जिवावर मिळालं हे कळत असूनही ती आठवण काही कमी गोड होत नाही. माणसाचं मन एवढं शहाणं नसतं.

तरीही आताचं सगळं उत्तम चाललंय असं म्हणवत नाही. कोविडच्या साथीत अमेरिकेत नेब्रास्कातल्या लिंकनच्या प्राणिसंग्रहालयात नोव्हेंबर 2021 मध्ये तीन हिमबिबटे गेले, आणि जानेवारी 2022 मध्ये इलिनॉयमध्ये आणखी एक. बहुतेक वाघ-सिंह त्याच आजारातून उठून बसले, हे मात्र टिकले नाहीत. दुसरं म्हणजे, पैदास करून पुढे काय, हा प्रश्न आहेच. दार्जिलिंगनं 2003 साली लाल पांडाच्या दोन माद्या सिंगलीलाच्या जंगलात सोडल्या. हिमबिबट्याचं तसं झालेलं नाही आणि ते सोपंही नाही. हातानं भरवलेल्या, माणसाची भीती मेलेल्या जनावराला डोंगरात सोडलं तर ते भरल ही रानमेंढी सोडून गावातली शेळी धरणार. म्हणजे पिंजऱ्यातला हिमबिबट्या पिंजऱ्यातच म्हातारा होणार. तिथे तो वीस वर्षांपर्यंतही जगतो, रानात इतकं आयुष्य क्वचितच लाभतं.

डोंगरातली बातमी मात्र आता आपल्याकडे आहे, आणि हा बदल मोठा आहे. भारतातल्या हिमबिबट्यांची पहिली शास्त्रशुद्ध मोजणी 2019 ते 2023 या काळात झाली. जानेवारी 2024 मध्ये आकडा आला: 718. त्यातले 477 एकट्या लडाखात, दार्जिलिंगच्या शेजारच्या सिक्कीममध्ये 21. स्पितीतल्या किब्बरला चारुदत्त मिश्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावकऱ्यांच्या जनावरांचा विमा उभा केला. हिमबिबट्यानं याक मारला तर भरपाई मिळते, सूड घ्यायची गरज राहत नाही. हिवाळ्यात तिथे आणि लडाखात लोक दुर्बिणी घेऊन येतात, गावातल्याच घरांत राहतात, आणि तिथल्या पोरांना लांबच्या कड्यावर बसलेला हिमबिबट्या नुसत्या डोळ्यांनी सापडतो.

या सगळ्यावरून माझं मत असं झालं आहे की हिमबिबट्याची प्राणिसंग्रहालयं थोडी असावीत, थंड डोंगरांत असावीत आणि त्यांनी दाखवण्यापेक्षा राखण्याकडे लक्ष द्यावं. राणीच्या बागेत पेंग्विन आले तेव्हा वातानुकूलित काचघरासाठी किती खटाटोप झाला ते आपण पाहिलं. उद्या कुणी मुंबई-पुण्यात हिमबिबट्या आणायची टूम काढली, तर नगरसेवकाला नाही म्हणून कळवा.

आणि दार्जिलिंगला गेलात तर गुरुवार सोडून जा, त्या दिवशी उद्यान बंद असतं. हिमबिबट्या दिसला नाही तर काचेवर, जाळीवर टकटक करू नका, शिट्ट्या मारू नका आणि रखवालदारापाशी त्याला उठवण्याचा हट्ट धरू नका. तिकीट त्याच्या पोटापाण्यासाठी आहे, दर्शनासाठी नाही.