बिननावाचा मजकूर

आमचा व्यवसाय कोणता, असे कुणी विचारले की आम्ही अंमळ घुटमळतो. 'जाहिरातींचा मजकूर लिहितो' म्हणावे, तर गेल्या वीस वर्षांत आम्ही लग्नपत्रिका, मानपत्रे, पापडाच्या पाकिटावरील कृती, औषधाच्या खोक्यातली घडीपत्रके आणि भावी नगरसेवकांच्या वाढदिवसांचे फलकही लिहिले. ज्यांना कधी पाहिले नाही अशा सत्कारमूर्तींना आम्ही 'मितभाषी पण स्नेहशील' ठरवले आहे. मुंबईहून येणाऱ्या कामाला 'अनुवाद' म्हणतात. केसांच्या तेलाच्या एका इंग्रजी ओळीचे 'आपले केस साजरे करा' असे मराठी आमच्याआधी कुणीतरी करून ठेवले होते. आम्ही पाच पर्याय दिले. पसंत पडले ते पहिलेच, कारण ते मुळाशी शब्दशः जुळत होते.

जाहिरातीच्या धंद्यात राहून अरुण कोलटकरांनी कविता लिहिली, हा दाखला स्नेही आम्हांस देतात. तो खराच आहे. पण कोलटकर तेथे मुख्यतः दृश्याचे काम करीत. कवितेसाठी शब्दांची शिल्लक त्यांनी निराळी राखली असावी. आम्ही दोन्ही खर्च एकाच गाठोड्यातून करतो.

हे गाठोडे वडिलांकडून आले. ते पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका ट्रेडल छापखान्यात जुळारी होते. शिशाच्या खिळ्यावर अक्षर उलटे असते. त्यामुळे आम्हांस 'क' प्रथम भेटला तो आरशातला. शाळेत पाटीवर तो तसाच काढला म्हणून मार खाल्ला. छापखान्यात 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ही ओळ कायमची जुळवून सुतळीने बांधून ठेवलेली असे. नावे, तिथी, मुहूर्त तेवढे बदलत. हे 'आमचे' कुणाचे, असे आम्ही एकदा विचारले. "पैसे देईल त्याचे," वडील म्हणाले. आमच्या धंद्याची ही एवढीच दीक्षा.

१८६७ च्या कायद्यानुसार पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ छापावे लागे. जुळाऱ्याच्या नावाची तजवीज त्यात नव्हती. पुढे संगणकावरची अक्षरजुळणी आली, खिळे वजनावर विकले गेले आणि वडील घरी बसले. आमची एखादी जाहिरात छापून आली की ते चष्मा पुसून ऱ्हस्वदीर्घ तपासत आणि विचारीत, "यात तुझं नाव कुठंय?" आम्ही हसत असू.

ते गेले तेव्हा निधनवार्तेचा मजकूर अर्थातच आमच्याकडे आला. आम्ही लिहिले, 'ते जुळारी होते.' वडील बंधू म्हणाले, "हे बरं दिसत नाही." त्यांना दोष का द्यावा? आम्हीच लेखणी घेऊन ते 'मुद्रणक्षेत्रातील ज्येष्ठ व्यक्तिमत्त्व' असे केले. सवयीचा हात; दोन मिनिटेही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ते वाचताना जाणवले, की हे गृहस्थ आम्हांस ठाऊक नाहीत. ऱ्हस्वदीर्घ मात्र बिनचूक होते.

तो मजकूर आता बदलता येत नाही. म्हणून कुणी न मागता हे येथे लिहितो: आमचे वडील जुळारी होते. चाळीस वर्षे त्यांनी इतरांची नावे जुळवली.