रोमानियातले दोन महिने

१९९२ च्या उन्हाळ्यात इथल्या आमच्या चर्चतर्फे रोमानियातल्या एका अनाथालयात दोन महिने सेवेला जायचा योग आला. अनाथालय म्हणायचं एवढंच. बहुतेक मुलांचे आईबाप जिवंत होते. चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली, पुढे गरिबी वाढली आणि न पोसवणारी मुलं सरकारच्या दारात आली. १९८९ मध्ये त्याची राजवट कोसळली तेव्हा अशी लाखाच्या वर मुलं होती.

सकाळी प्रार्थना, की लगेच काम. लंगोटांचे ढीग धुवायचे, मक्याच्या पिठाची मामालिगा भरवायची. (आईच्या हातची उकड आठवायची!) तान्ह्यांच्या खोलीत मात्र चिडीचूप. रडून कोणी येत नाही, हे ती पोरं शिकून बसली होती. कॉटमध्ये नुसती मागेपुढे डोलत राहायची.

मोठी मुलं धावत येऊन "मामा" म्हणत बिलगायची. त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई बरं का! मी सुखावले. तिसऱ्या आठवड्यात एक जर्मन बाई आल्या. त्याही दारातच "मामा" झाल्या. तेव्हा कळलं, ही माया नव्हे, भूक आहे. आणि निघताना मीही त्यांना सोडून जाणाऱ्यांतलीच एक झाले.

२००४ च्या कायद्याने, गंभीर अपंगत्व सोडता, दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवायला तिथे बंदी आली. आता कोणी सेवेला जायचं म्हणालं तर मी सांगते, मूल आईजवळच राहील अशा कामाला हात लावा.